विश्लेषण : अनुभवी डॉक्टरांचंही निदान का चुकतं? ३,००० शवविच्छेदनं तपासणारे डॉ. रिचर्ड कॅबट कोण होते?

२०२३ मध्ये बोस्टनमधल्या काही डॉक्टर-संशोधकांनी जीपीटी-४ या एआय मॉडेलपुढे ७० अवघड केसेस ठेवल्या. रुग्णाची तक्रार, तपासणी, रिपोर्ट असं सगळं दिलं आणि फक्त शेवटचं उत्तर झाकून ठेवलं. मॉडेलचा पहिल्या क्रमांकाचा अंदाज ३९ टक्के केसेसमध्ये बरोबर निघाला. त्याने दिलेल्या संभाव्य आजारांच्या यादीत बरोबर उत्तर कुठेतरी असण्याचं प्रमाण ६४ टक्के होतं. बातम्या झाल्या त्या या आकड्यांच्या. प्रश्नपत्रिका आली कुठून, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधून आली होती. हे जर्नल मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या केसेस गेली शंभर वर्षं छापत आलं आहे. यात एक अनुभवी डॉक्टर उत्तर माहीत नसताना केस सोडवतो, तेही सगळ्यांसमोर. मग खरं उत्तर सांगितलं जातं. डॉक्टर चुकला असेल तर तेही तसंच छापलं जातं.

ही पद्धत रुजवली डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट यांनी. विद्यार्थ्यांना शिकवणारे डॉक्टर तेव्हाही पुष्कळ होते. कॅबट यांचा रोख होता तो शिकून झालेल्या, नाव कमावलेल्या डॉक्टरांवर. त्यात ते स्वतःही आले.

कोण होते रिचर्ड कॅबट?

जन्म २१ मे १८६८, बोस्टनजवळच्या ब्रूकलाइनमध्ये. कॅबट म्हणजे बोस्टनमधलं जुनं, श्रीमंत आणि वजनदार घराणं. वडील जेम्स इलियट कॅबट हे विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन यांचे चरित्रकार. घरात पैसा होता, पुस्तकं होती आणि तत्त्वज्ञानाच्या चर्चा होत्या. रिचर्ड यांनीही हार्वर्डमध्ये आधी तत्त्वज्ञानच शिकलं. विल्यम जेम्स आणि जोसाया रॉइस तिथे शिकवत होते, तो हा काळ. १८८९ मध्ये पदवी घेऊन ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १८९२ मध्ये डॉक्टर झाले.

सुरुवातीला ते रक्ताच्या तपासणीत रमले. रक्ततपासणीवरचं त्यांचं पुस्तक १८९०च्या दशकात आलं आणि गाजलं. काही आजारांत लाल रक्तपेशींमध्ये दिसणाऱ्या बारीक कड्यांना आजही ‘कॅबट रिंग्ज’ म्हणतात. पॅथॉलॉजी शिकलेल्या कुणालाही हे नाव तिथूनच आठवेल.

प्रयोगशाळेत त्यांचं भविष्य चांगलं होतं. पण १८९८ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरलच्या बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ओपीडीत काम घेतलं. त्या काळी ही मानाची जागा नव्हती. मान होता तो वॉर्डात.

ओपीडीत रांग मोठी आणि वेळ कमी. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपर काढायला उभं राहिलेल्याला याचं वर्णन वेगळं सांगायला नको. काही मिनिटांत ऐकायचं, तपासायचं, ठरवायचं, लिहून द्यायचं आणि पुढच्याला बोलवायचं. इथे बसून कॅबट यांना एक गोष्ट खटकू लागली. रोज इतके निर्णय घेतोय, पण त्यातले बरोबर किती, हे कळायला काही मार्गच नाही.

अनुभव असूनही निदान का चुकतं?

समजा, एक डॉक्टर १५ वर्षं प्रॅक्टिस करतोय. रुग्ण बरा झाला, तर निदान बरोबर होतं असं तो धरतो. रुग्ण परत आलाच नाही, तरी तो बरा झाला असंच धरतो. पण बरं न वाटलेला रुग्ण बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तिथे वेगळंच काही निघालं तर पहिल्या डॉक्टरला फोन करून कळवतो का? आपल्यापैकी कुणी कधी कळवलंय?

इंजिनीअरिंगला ‘कंट्रोल सिस्टीम्स’ शिकलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. आउटपुट परत इनपुटकडे आलंच नाही, तर यंत्रणा कितीही वर्षं चालवा, ती सुधारत नाही. डॉक्टरच्या बाबतीत तर उलट होतं. वर्षांगणिक आत्मविश्वास वाढतो, पण अचूकता वाढलीच असेल असं नाही. अनुभवी डॉक्टरची चूक नवख्यापेक्षा जास्त अडचणीची ठरते ती यामुळेच. नवखा निदान करताना चाचरतो, कुणालातरी विचारतो. अनुभवी माणूस रुग्ण दारातून आत येतानाच मनात उत्तर ठरवून मोकळा होतो.

कॅबट यांनी ही खोड आधी स्वतःतच पकडली. १९०९ मध्ये आलेल्या रुग्णसेवा आणि समाजसेवेवरच्या पुस्तकात त्यांनी ती प्रांजळपणे लिहिली आहे. गर्दीच्या सकाळी समोर बसलेला माणूस त्यांना दिसतच नसे. दिसायचा तो एक नमुना : अमुक जमातीचा, तमुक वस्तीतला, नेहमीच्याच तक्रारी सांगणारा. एका ज्यू स्थलांतरिताला तपासताना आपण त्याला न बघता ‘आणखी एक ज्यू’ एवढंच बघत होतो, हे त्यांनी कबूल केलं. आज निदानातल्या चुकांवर बोलताना घाईने शिक्का मारून विचार थांबवण्याला वेगळं नाव आहे, त्यावर अभ्यासक्रम आहेत. कॅबट यांनी मात्र तो दोष बोस्टनच्या ओपीडीत स्वतःवर बोट ठेवून दाखवला.

३,००० शवविच्छेदनांतून काय निघालं?

मग बरोबर उत्तर शोधायचं कुठे? तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. एक्स-रे नुकता आला होता. खात्रीचं उत्तर मिळण्याची एकच जागा होती, शवविच्छेदनाचं टेबल.

कॅबट यांनी आपल्याच रुग्णालयाचं दफ्तर काढलं. एका बाजूला रुग्ण जिवंत असताना डॉक्टरांनी लिहिलेलं निदान आणि दुसऱ्या बाजूला त्याच रुग्णाच्या शवविच्छेदनात सापडलेला आजार. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचं, एवढं सरळ काम होतं. पण ते करायला कुणी धजावत नव्हतं. आधी १,००० शवविच्छेदनांचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९१२ मध्ये ३,००० चा. दोन्ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये.

आकडे असे होते. शवविच्छेदनात सापडलेला मधुमेह आधीच ओळखला गेल्याचं प्रमाण ९५ टक्के, टायफॉइडचं ९२ टक्के. इथपर्यंत ठीक. पुढे मात्र घसरण सुरू होते. न्यूमोनियाचा एक प्रकार ७४ टक्के ओळखला गेला, तर दुसरा, ब्राँकोन्यूमोनिया, फक्त ३३ टक्के. लिव्हर सिरोसिस ३९ टक्के. पोटातला अल्सर ३६ टक्के. मणक्याचा क्षय २३ टक्के. हृदयाभोवतीच्या आवरणाचा तीव्र दाह २० टक्के. मूत्रपिंडाचा तीव्र दाह केवळ १६ टक्के.

ही अवस्था कुठल्या आडगावातल्या दवाखान्याची नव्हती. अमेरिकेतल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयांपैकी एकाची होती, आणि निदानं लिहिणारे तिथले नामवंत डॉक्टर होते.

हे आकडे वाचताना एक खबरदारी घ्यायला हवी. शवविच्छेदन मेलेल्यांचंच होतं, आणि त्यातही गुंतागुंतीच्या केसेसचं जास्त. साधा आजार होऊन बरे झालेले हजारो रुग्ण या हिशोबात येत नाहीत. त्यामुळे ‘डॉक्टरांची निम्मी निदानं चुकतात’ असा सरसकट अर्थ काढणं चूक ठरेल. तेव्हाच्या काही वर्तमानपत्रांना हा मोह आवरला नसेल तर नवल नाही. आमच्या धंद्यात तो आजही आवरत नाही. या यादीचं खरं मोल एकूण टक्केवारीत नव्हतंच. कुठल्या आजारात आपला हात बसलाय आणि कुठल्या आजारात आपण अंधारात चाचपडतोय, हे त्यातून पहिल्यांदा ओळीने दिसलं.

सीपीसी म्हणजे नेमकं काय?

चुकांची यादी छापून डॉक्टर सुधारत नाहीत. त्यासाठी सराव हवा. या सरावाची कल्पना वकिलीच्या वर्गातून आली.

हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये १८७० पासून खरे खटले समोर ठेवून शिकवलं जात होतं. वॉल्टर कॅनन या वैद्यकीय विद्यार्थ्याने कायदा शिकणारे मित्र खटल्यांवर किती हिरिरीने भांडतात ते पाहिलं. आपल्या वर्गात तर तासन् तास नुसती व्याख्यानं. १९०० मध्ये त्याने लेख लिहून वैद्यकशास्त्रही केस समोर ठेवून शिकवावं असं सुचवलं. कॅनन पुढे मोठे शरीरशास्त्रज्ञ झाले. त्यांची सूचना सर्वात उत्साहाने उचलली ती कॅबट यांनी. १९०६ मध्ये त्यांनी केसेसचं पुस्तकच काढलं.

१९१०च्या सुमारास त्यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. रुग्णालयाचे पॅथॉलॉजिस्ट जेम्स होमर राइट यांना सोबत घेतलं. रक्ताची काच रंगवायला लॅबमध्ये ‘राइट स्टेन’ वापरतात ना, ते हेच राइट. या दोघांनी सुरू केलेल्या बैठकीला ‘क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स’ असं लांबलचक नाव मिळालं. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतही तिला ‘सीपीसी’च म्हणतात.

रचना अशी. मरण पावलेल्या एका रुग्णाची पूर्ण हकीकत छापून सगळ्यांच्या हातात द्यायची. तक्रार काय होती, किती दिवसांची, तपासणीत काय आढळलं, रिपोर्ट काय आले, शेवट कसा झाला. मग एका डॉक्टरने उभं राहून मोठ्याने विचार करायचा. नुसतं उत्तर सांगायचं नाही. कुठल्या आजारांची शक्यता मनात आली, कुठली का खोडली, कुठल्या खुणेला किती वजन दिलं, हे सगळं उघड बोलायचं. शेवटी एका निदानावर यायचं. त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट उठणार आणि शवविच्छेदनात काय सापडलं ते सांगणार.

उभे राहणारे डॉक्टर बहुतेक वेळा कॅबट स्वतः असत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ म्हणजे यातली मेख कळेल. चाळिशीतला कामगार. पोट फुगलंय, पायावर सूज, दम लागतो. दारू पितो. नव्याण्णव जण म्हणतील, लिव्हर खराब झालंय, सिरोसिस. पण विचार मोठ्याने करायचा असेल तर थांबावं लागतं. पोटात आणि पायात पाणी साठायची कारणं किती? लिव्हर, हृदय, मूत्रपिंड हे तीन मुख्य संशयित. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसायला हवा. हृदय दुबळं झालं असेल तर सहसा आधी पाय सुजतात. इथे पोट पायांपेक्षा जास्त फुगलंय, म्हणजे पारडं लिव्हरकडे झुकतं. इथवर पहिलाच अंदाज पक्का होत चाललाय.

आता मानेकडे बघा. मानेच्या शिरा फुगलेल्या आहेत. नुसत्या सिरोसिसमध्ये त्या अशा फुगायला नकोत. या एका खुणेने चित्र बदलतं. हृदयाभोवतीचं आवरण जाड आणि कडक होऊन हृदयाला आवळून धरत असेल, तर रक्त मागे तुंबतं, मानेच्या शिरा फुगतात, लिव्हर सुजतं आणि पोटात पाणी होतं. बाहेरून सगळा थाट सिरोसिसचा. भारतात या आवळणाऱ्या आवरणामागे अनेकदा क्षय असतो, आणि शस्त्रक्रियेने ते आवरण काढता येतं. दारूची सवय ऐकून जो डॉक्टर थांबला, त्याने मान बघितलीच नाही.

सीपीसीत नेमकं हेच शिकलं जातं. माहिती सगळ्यांकडे सारखीच असते. फरक पडतो तो आपण कुठे थांबतो यावर. मनातल्या मनात विचार केला तर हा थांबा कुणाला दिसत नाही. मोठ्याने केला तर सभागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या विद्यार्थ्यालाही दिसतो.

१९११ मध्ये कॅबट यांचं विभेदक निदानावरचं मोठं पुस्तक आलं, ३८३ केसेसचं. त्याची मांडणी आजारांच्या नावांनी नव्हती, तक्रारींवरून होती : डोकेदुखी, पाठदुखी, पोटदुखी. रुग्ण काही आजाराचं नाव घेऊन येत नाही, तो दुखणं घेऊन येतो. त्या त्या तक्रारीमागची कारणं प्रत्यक्षात किती वेळा आढळतात, याच्या आकृत्याही त्यात होत्या. आजच्या डेटा सायन्सच्या भाषेत हा ‘प्रायर’. आधी नेहमीचं कारण तपासा, मग दुर्मिळाकडे जा. अनेक डॉक्टरांना दुर्मिळ आजाराचं नाव घेण्याची हौस असते, तिला हा चांगला लगाम होता.

सीपीसीच्या छापील केसेस पुढे बाहेरगावच्या डॉक्टरांनाही टपालाने जाऊ लागल्या. एखाद्या लहान गावात एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला घरबसल्या डोकं लढवता येई आणि नंतर उत्तराशी ताडून बघता येई. १९२०च्या दशकात त्या ‘बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’मध्ये यायला लागल्या. याच जर्नलचं १९२८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ असं नामकरण झालं. जगभरातले डॉक्टर आज ज्या केसेस मोबाइलवर वाचतात, त्या इथूनच सुरू होतात.

निदान बरोबर, तरी रुग्ण बरा का होत नाही?

ओपीडीतला दुसरा धडा वेगळा होता. कॅबट क्षयरोग्याला सांगत, विश्रांती घ्या, चांगलं खा, मोकळ्या हवेत राहा. रुग्ण मान डोलावून जाई आणि एका अंधाऱ्या खोलीत परत येई, जिथे काम थांबलं की चूल थांबते. निदान शंभर टक्के बरोबर आणि सल्ल्याचा उपयोग शून्य. घरी काय चाललंय हे कळल्याशिवाय निदान पुरं होत नाही, असं त्यांचं मत बनलं.

१९०५ मध्ये त्यांनी ओपीडीत समाजसेविका नेमली. पहिल्या होत्या गार्नेट पेल्टन नावाच्या परिचारिका. पुढच्या वर्षी इडा कॅनन आल्या आणि त्यांनी हा विभाग पुढे कित्येक वर्षं उभा केला. इडा या वॉल्टर कॅनन यांच्या बहीण. रुग्णालयाचं व्यवस्थापन खर्च उचलायला तयार नव्हतं, तेव्हा कॅबट यांनी पगाराचा भार स्वतः उचलला. रुग्णालयाने हा विभाग रीतसर आपला म्हणायला १९१९ उजाडलं.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती भारतातली पहिली मानली जाते. आज महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी असलेली खोली दिसते. योजनेचे कागद, औषधांसाठी ट्रस्टची मदत, बेवारस रुग्णाचा पत्ता, असं सगळं तिथेच धडकतं. त्या खोलीची मूळ कल्पना बोस्टनच्या ओपीडीतली.

डॉक्टर मंडळी कॅबट यांच्यावर का चिडली?

कॅबट यांचा स्वभाव गोड बोलून काम काढणारा नव्हता. १९०३ मध्येच त्यांनी वैद्यकीतल्या खऱ्या-खोट्यावर एक लेख लिहिला. रुग्णाला गंभीर आजार लपवणं, समाधानासाठी पावाच्या किंवा साखरेच्या गोळ्या देणं हे तेव्हा सर्रास चालायचं आणि कॉलेजात शिकवलंही जायचं. कॅबट यांनी आपल्या रुग्णांना खरं सांगून बघितलं आणि काय होतं ते नोंदवलं. सत्य ऐकून रुग्ण कोलमडतो ही भीती त्यांना बहुतेक वेळा फोल आढळली.

शवविच्छेदनाच्या आकड्यांनी व्यवसायबंधू दुखावले होतेच. पण खरा भडका उडाला १९१६ च्या आसपास. त्यांनी सामान्य वाचकांच्या मासिकात लिहिलं की एकट्या डॉक्टरची खासगी प्रॅक्टिस चांगलं निदान देऊ शकत नाही. वेगवेगळ्या विषयांतल्या डॉक्टरांनी एकत्र काम करावं, एकमेकांना तपासावं. श्रीमंताला चार तज्ज्ञ परवडतात. गरीब शिकवणाऱ्या रुग्णालयात जातो, तिथेही चार तज्ज्ञ बघतात. अडकतो तो मधला माणूस. हे लोकांसमोर मांडणं म्हणजे घरचं भांडण चव्हाट्यावर आणणं, असं अनेक डॉक्टरांना वाटलं. राज्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेत त्यांच्यावर कारवाई करा अशी मागणी झाली.

यात कॅबट यांच्या बाजूने झुकण्याचा मोह होतो, पण विरोधकांचा एक मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. घराण्याचा पैसा पाठीशी असणाऱ्याला स्पष्टवक्तेपणा परवडतो. खेड्यापाड्यात एकट्याने रात्री-अपरात्री बोलावणं आलं की जाणाऱ्या डॉक्टरला पाच तज्ज्ञांचा गट कुठून मिळणार होता? सामूहिक प्रॅक्टिसची त्यांची कल्पना मात्र पुढे टिकली. आज तीच पॉलिक्लिनिक आणि मल्टिस्पेशालिटी या रूपात आपण बघतो, फक्त स्वस्त निदानाचा भाग वाटेत कुठेतरी गळून पडला.

कॅबट १९१२ मध्ये रुग्णालयाच्या मेडिकल विभागाचे प्रमुख झाले होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बोर्डोच्या लष्करी रुग्णालयात होते. परतल्यावर त्यांनी सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारा निर्णय घेतला. १९२० मध्ये ते हार्वर्डमध्ये सामाजिक नीतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि हळूहळू वैद्यकीपासून दूर गेले.

शंभर वर्षांनंतर चुका कमी झाल्या का?

यंत्रं आली म्हणजे हा प्रश्न संपला, असं वाटणं साहजिक आहे. १९८३ मध्ये बोस्टनच्याच एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६०, १९७० आणि १९८० या तिन्ही वर्षांतली प्रत्येकी १०० शवविच्छेदनं त्यात तपासली होती. आधी कळलं असतं तर उपचार बदलले असते अशी चूक तिन्ही वर्षांत साधारण १० टक्क्यांच्या आसपासच राहिली. दरम्यान अल्ट्रासाउंड आणि सीटी स्कॅन आले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालाने सांगितलं की बहुतेक प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी चुकीच्या किंवा उशिरा झालेल्या निदानाला तोंड द्यावं लागेल.

शिवाय कॅबट यांचं मुख्य हत्यारच बोथट होत गेलं. निदान पडताळण्यासाठी नातेवाइकांच्या संमतीने होणारी शवविच्छेदनं जगभर घटली. आपल्याकडे पोस्टमॉर्टेम म्हटलं की पोलिस केसच डोळ्यापुढे येते. जर्नलमधल्या केसेसमध्येही आता बहुतेक रुग्ण जिवंत असतात आणि उत्तर बायोप्सीतून किंवा जनुकीय चाचणीतून येतं.

सीपीसीवर आक्षेपही आहेत. केस निवडताना विचित्र, दुर्मिळ आजारांना झुकतं माप मिळतं. उत्तर देणारा डॉक्टर रुग्णाला भेटलेला नसतो, हातात फक्त कागद. एआयच्या परीक्षेलाही हेच लागू पडतं. कागदावरची नीटनेटकी केस सोडवणं आणि खोकणाऱ्या, घाबरलेल्या, अर्धवट सांगणाऱ्या माणसाकडून ती केस मुळात काढून घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तरी चंडीगडच्या पीजीआयपासून अनेक भारतीय संस्थांत सीपीसी भरते, आणि वरिष्ठ डॉक्टर चुकले तर मागच्या बाकांवर हळूच खसखस पिकते. ती पिकू देणारं वातावरण असेल तर समजावं, पद्धत जिवंत आहे.

शेवटचा प्रयोग

आयुष्याच्या अखेरीस कॅबट यांना वैद्यकीबाहेरचा एक प्रश्न सतावत होता. वाईट वळणाला लागू शकणाऱ्या मुलांना एखादा प्रेमळ मोठा माणूस सतत सोबत मिळाला, तर ती गुन्हेगारीपासून वाचतील का? त्यांना वाटत होतं, नक्की वाचतील. पण वाटण्यावर थांबले तर ते कॅबट कसले?

बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सोमरव्हिल या गावांतली ५०० हून अधिक मुलं निवडण्यात आली. वय, घर, परिस्थिती जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत नाणेफेक. एकाला समुपदेशक, घरभेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, दवाखाना. दुसऱ्याला काहीच नाही, फक्त नोंद. समाजसेवेच्या क्षेत्रात इतक्या काटेकोरपणे आखलेला प्रयोग तोवर जवळपास नव्हताच. मे १९३९ मध्ये कॅबट वारले. कार्यक्रम १९४५ पर्यंत चालला.

१९७०च्या दशकात जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने ती जुनी दफ्तरं उघडली आणि आता चाळिशी-पन्नाशीत पोहोचलेल्या त्या मुलांचा माग काढला. ५०६ जणांचा, म्हणजे २५३ जोड्यांचा. मदत मिळालेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणांनी सांगितलं की त्या कार्यक्रमाचा आपल्याला उपयोग झाला. अनेकांना आपल्या समुपदेशकाचं नावही आठवत होतं.

मग मॅकॉर्ड यांनी न्यायालयं, रुग्णालयं आणि मृत्यूच्या नोंदी दोन्ही गटांसाठी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. पुन्हा पुन्हा गुन्हे, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू या बाबतीत मदत मिळालेल्या मुलांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. हा निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, कॅबट यांच्या मृत्यूनंतर ३९ वर्षांनी, त्यांनीच घालून दिलेल्या जोड्यांच्या यादीवरून.